चंद्रीसाठी एक्केचाळीस सेकंद

रविवार, दिनांक १९ ऑक्टोबर २०२५, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी कसबा बावड्यातील निवृत्त तंत्रनिकेतन शिक्षक पंचाक्षरी सरांनी एका हार्ड डिस्कला कान लावला आणि मिनिटभरात अठरा ठोके मोजले.

"धडधडतंय न्हवं?" शेजारचा म्हैसवाला गुंडू आशेने म्हणाला. "म्हंजे जित्ती हाय."

"माणसाचं धडधडलं तर बरं, गुंडू. डिस्कचं धडधडणं म्हणजे घरघर लागली."

दिवाळीच्या साफसफाईत गुंडूची ही डिस्क माळ्यावरून खाली आली होती. हाताने नव्हे, आपली आपण पडून. ती कायमची बंद पडली तर गुंडूची चंद्री म्हैस पाडव्याला पळणार नव्हती. पाडव्याला बावड्यात म्हशी सजवून, सायलेन्सरची पुंगळी काढलेल्या मोटारसायकलीच्या फटफटाटामागे शर्यतीत पळवतात. चंद्री रेडकू असल्यापासून गुंडूच्या जुन्या गाडीमागेच पळत आली होती. ती गाडी गुंडूने श्रावणात भंगारात घातली. नवी गाडी पुंगळी काढूनही चंद्रीला पटेना. गुंडू चौकापर्यंत जाऊन आला तरी ती दारात रवंथ करीत उभी. जुन्या गाडीचा आवाज आता पृथ्वीतलावर एकाच ठिकाणी उरला होता, या डिस्कमधल्या गेल्या पाडव्याच्या व्हिडिओत.

"पण भ्यायचं काम न्हाय," गुंडू म्हणाला. "तीन कॉप्या काढून ठेवल्यात की!"

"कुठे कुठे?"

"एक 'चंद्री' फोल्डरमध्ये, एक 'चंद्री दोन'मध्ये, आन् एक 'चंद्री फायनल'मध्ये."

"तिन्ही फोल्डर कुठे आहेत?"

गुंडूने डिस्ककडे बोट केले. सरांनी चष्मा काढून पुसला. "तिजोरीला तीन कुलपं लावलीस आणि तिन्ही किल्ल्या आतच टाकल्यास. मोबाइलमध्ये असेल की?"

"मोबाइल भरला म्हणून तर हिकडं हलवलं."

डिस्कच्या फटीतून तांदळाचा एक दाणा टेबलावर पडला. सरांनी तो चिमटीत धरून दाराशी उभ्या असलेल्या गुंडूच्या बायकोकडे, झुंबरबाईकडे पाहिले.

"रातभर तांदळात ठेवली हुती," झुंबरबाई म्हणाली. "मोबाइल भिजला की ठेवत्यात न्हवं?"

"ही भिजली नव्हती."

"नव्हती भिजली. पण आजारी तर हुती!"

यावर तंत्रनिकेतनात शिकवलेले काहीही लागू पडत नसल्यामुळे सर कामाला लागले. डिस्क पुनःपुन्हा चालूबंद करायची नाही, तिच्यावर नवे काही लिहायचे नाही आणि दुरुस्तीचे बटण तर दाबायचेच नाही, असे त्यांनी बजावले. जेवढे सहज वाचता येईल तेवढे आधी दुसऱ्या डिस्कवर घ्यायचे. जिथे अडखळेल तो भाग सोडून पुढे जायचे.

"कळलं," गुंडू म्हणाला. "पान्हा चोरणाऱ्या म्हशीवर जबरी करायची न्हाय."

"अगदी तसंच. पण ही बहुधा एकदाच पान्हा सोडेल. पहिलं काय काढायचं ते आत्ताच सांग. हिच्यात काय काय आहे?"

गुंडू घुटमळला. "चंद्री हाय... आन् आमच्या लग्नाची क्यासेट उतरवून घेतल्याली हाय."

 डिस्कसुद्धा दोन ठोके चुकली.

"बघा की सर," झुंबरबाई पदर खोचत म्हणाली, "इचारायचं धाडस हुईना मरदाला! तीस वर्सं संसार केला, आन् आता म्हशीपुढं माझा नंबर लावत्यात."

"न्हाय गं, तू म्हणशील तसं..." गुंडू पुटपुटला. त्याचे डोळे मात्र बाहेर, गोठ्याकडे होते.

झुंबरबाईने ते पाहिले. नवऱ्याला पाडव्याच्या दिवशी दार लावून घरात बसलेले तिने कधी पाहिले नव्हते आणि पाहायची तिची इच्छाही नव्हती.

"म्हशीचं काढा, सर. लगीन मला पाठ हाय. ह्यांची चुलती जेवणावरनं कशी रुसली, ते सुदीक. गाडीचा आवाज कुणाला पाठ हाय?"

सरांनी व्हिडिओ निवडला. अर्ध्या तासात एक्केचाळीस सेकंद आले. मग डिस्कने एक दीर्घ कर्कश सुस्कारा टाकला आणि ती कायमची गप्प झाली. सरांनी लगेच त्या तुकड्याच्या प्रती तीन निरनिराळ्या जागी ठेवल्या, एक स्वतःकडे, एक गुंडूच्या मोबाइलात आणि एक आपल्या गडहिंग्लजच्या मेहुण्याकडे.

बुधवारी, पाडव्याला, नव्या गाडीवर स्पीकर बांधला. सरांनी तुकडा पुनःपुन्हा वाजेल असा जोडून दिला होता. मात्र शिस्तीच्या सवयीने दोन आवर्तनांमध्ये दोन सेकंदांची नीटस विश्रांतीही ठेवली होती.

फटफटाट सुरू झाला. चंद्रीने कान टवकारले, शेपूट उभी केली आणि मोरपिसे, घुंगरे, रंगीत शिंगांसह उधळली. एक्केचाळिसाव्या सेकंदाला आवाज थांबला. चंद्रीही थांबली आणि मागे वळून गर्दीत उभ्या सरांकडे पाहू लागली.

"ओ पावणं, म्हस हँग झाली!" गर्दीतून कोणी ओरडले. सरांना रस्ता दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे झाले. तेवढ्यात दुसरे आवर्तन लागले आणि चंद्री पुन्हा सुटली.

दुसऱ्या विश्रांतीची वेळ आली, तेव्हा गाडीवरच्या गुंडूने मान मागे वळवली, गाल फुगवले आणि पोटातून आवाज काढला, "फट्-फट्-फट्-फट्!" चंद्रीचा पाय क्षणभरही अडखळला नाही. रस्त्याच्या कडेला झुंबरबाई हसून हसून वाकली होती.

मधल्या थांब्याची वेळ वजा करावी, असे सरांनी पंचांना लेखी कळवले. पंचांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि निकाल जाहीर केला.

नऊ म्हशींत चंद्री तिसरी.