चहा पिऊन फोन करा

मी एक जुना टेलिफोन आहे. वायरीचा, लाल, जड रिसीव्हरचा. धुळ्यात आग्रा रोडमागच्या गल्लीत रुपचंदनानांचं शेअर दलालीचं दुकान आहे. माझं आयुष्य त्यांच्या टेबलावर गेलं. मित्रांनो, तुम्ही मला कदाचित खेळणं समजाल. पण माझी घंटी वाजली की नाना हातातला घास ताटात ठेवत, आणि मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

लोक माझ्यावरूनच शेअर घ्यायला, विकायला सांगत. नाना माणूस आवाजावरून ओळखायचे. त्यांची एक सवय होती. बाजार कोसळला, की घाबरलेल्या माणसाचा सौदा ते लगेच करत नसत. "पहिले चहा प्या, मग फोन करा," म्हणत आणि रिसीव्हर ठेवून देत. काही जण चिडायचे. चहानंतरही कोणी विकाच म्हणालं, तर नाना मुकाट्याने विकायचे. पण बहुतेकांचा परत फोनच यायचा नाही.

दोंडाईच्याची सुंदरबाई त्यातलीच. तिचा नवरा धनसिंग नाशिकच्या एका कारखान्यात होता. तिथे त्याला मिळालेले शेअर त्याच्या मागे तिच्याकडे राहिले होते. नात दिपमालाला जळगावला नर्सिंगला घालायचं, ते त्यांच्याच भरवशावर ठरलं होतं. भाव जरा पडला, की सगळे शेअर विकून टाका म्हणून तिचा फोन ठरलेला.

"नाना, भाव पडी ऱ्हायना. मना बठ्ठा शेअर इकी टाका."

"अक्का, चहा प्या आधी."

मला त्या दोघांचं हसू यायचं.

मग नाना वारले. दुकान त्यांच्या मुलाकडे, अखिलकडे आलं. त्याच सुमारास त्यांच्या शेअर बाजाराने ब्लॉकचेनची पद्धत आणली. अखिल गिऱ्हाइकांना समजावून सांगायचा, ते मी ऐकत होतो. सगळ्यांच्या संगणकांवर एकच नोंद, ती कोणाला खोडता येत नाही, आणि शेअर व पैसे त्याच क्षणी इकडचे तिकडे होतात. मी त्या पद्धतीला नावं ठेवत नाही. पूर्वी शेअरचे कागद टपालात गहाळ व्हायचे, खोट्या सह्या व्हायच्या. ते सगळं थांबलं. अखिलही वाईट मुलगा नाही. सुंदरबाईच्या मोबाइलवर सगळं त्यानेच बसवून दिलं.

एका दुपारी धनसिंगच्या त्या कंपनीला टाळं लागणार अशी आवई उठली. भाव धडाधड पडू लागला आणि माझी घंटी वाजली.

"भाऊ, मना जीव घाबरी ऱ्हायना. बठ्ठा इकी टाकू का?"

अखिलच्या समोर चार माणसं बसली होती. "अक्का, आता इथं फोन करायची गरज नाही," तो म्हणाला. "मोबाइलवर अंगठा ठेवा, काम झालं."

मी आतल्या आत तडफडलो. चहाचं सांग रे, चहाचं सांग. पण टेलिफोनला स्वतःचा आवाज नसतो. तिकडे सुंदरबाईने अंगठा ठेवला आणि सगळे शेअर पडत्या भावात विकले गेले.

दुसऱ्या दिवशी आवई खोटी ठरली आणि भाव पुन्हा वर गेला. सुंदरबाई सकाळच्या गाडीने दुकानात आली.

"भाऊ, कालदिनना सौदा मोडी टाक."

"अक्का, तिथं लिहिलेलं कोणालाच मोडता येत नाही. मलाही नाही."

तिने माझ्या रिसीव्हरवर हात ठेवला. मग म्हणाली, "नाना माले पहिले चहा पेवाले सांगेत. तू काबर नही सांगं?"

 अखिलने चहा मागवला. तिने तो घेतला नाही, पेल्यातल्या चहावर साय धरली.

पुढच्या महिन्यात माझी लाइन कापली. आता मी दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलो आहे. मित्रांनो, तुमच्या हातातलं यंत्र माझ्यापेक्षा खूप हुशार आहे, ते जपून वापरा. पण घाबरलेलं माणूस तुमच्याकडे आलं, तर त्याचं काम उरकायची घाई करू नका. त्याला घोटभर चहापुरतं तरी थांबवा.

दिपमाला नर्सिंगला गेली नाही. चाळीसगावला साडीच्या दुकानात ती दिवसभर उभी असते, असं अखिलच परवा खाली कोणाला तरी सांगत होता.