कापडाखालची साल

शाळेसमोरच्या रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. टाचा उंचावून, एकमेकांच्या खांद्यावरून माना काढून सगळे एकाच झाडाकडे बघत होते. तीन वर्षं धड पाऊस नव्हता. एकोणीस झाडांच्या त्या रांगेत अठरा झाडांची निम्मी पानं गळलेली, आणि हे एकच पांढऱ्या फुलांनी लगडलेलं. खोडाला कमरेच्या उंचीवर हिरवं कापड गुंडाळलं होतं. दोन महिन्यांपूर्वी, गावात मांडव घालून बसलेल्या जलबाबांनी ते स्वतःच्या हातांनी बांधलं होतं आणि या झाडाचं पाणी बंद करायला लावून ते फुलेल असं सांगून ठेवलं होतं.

"याला पाणी कुणी दिलं?" खुर्चीवर उभं राहून जलबाबा विचारत होते.

"कुणीच नाही!" गर्दी ओरडली.

"मग फुललं कशावर?"

"श्रद्धेवर!"

"पुस्तकं म्हणतात, झाड पाण्यावर जगतं. पुस्तक लिहिणारा कधी झाडाशी बोललाय? मी बोललो. झाड म्हणालं, बाबा, मला पाण्याची वाईट सवय लावली हो या लोकांनी!"

लोक हसले आणि हसता हसता डोळेही पुसू लागले. बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसलो होतो. मी, याच शाळेतला विज्ञानाचा मास्तर. हे लिहिताना आजही लाज वाटते.

बाबांनी माइक माझ्या हातात दिला. मी घसा साफ केला आणि म्हणालो, "विज्ञानाकडे याचं उत्तर नाही."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बावीस वर्षं मी जांभया देणाऱ्या बाकांपुढे शिकवलं होतं. त्या सकाळी पहिल्यांदाच शेकडो माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, दुसरं काय.

उत्तर होतं. नववीच्या वर्गात मीच ते दरवर्षी सांगतो. पाणी तुटलं की झाड पानं गाळतं, वाढ थांबवतं, आणि काही झाडं मरण्याआधी साठवलेलं सगळं फुलांवर आणि बियांवर उधळतात. एवढंच नव्हे, आदल्या दिवशी मी त्या झाडाची एक फांदी नखाने खरवडून पाहिली होती. जिवंत फांदीच्या सालीखाली हिरवं दिसतं. मला तपकिरी आणि कोरडं दिसलं. नख पँटला पुसून मी घरी आलो.

"खुद्द सर म्हणतात म्हटल्यावर!" असं म्हणत शाळेच्या समितीने झाडांचा आठवड्याचा टँकर बाबांच्या मांडवाकडे वळवला. दर्शनाला येणाऱ्यांना प्यायला पाणी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेतल्या मावशी स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ती एकोणीस झाडं त्यांनी बियांपासून वाढवली होती. प्रत्येक झाडाशेजारी हातभर खोल पाइप पुरून त्या त्यातून पाणी सोडायच्या, कारण वरवर शिंपडलं की मुळं वरच येतात आणि उन्हात भाजतात.

"सर, बारा वर्षांची झाडं आहेत. आधीच कशीबशी तग धरून आहेत. आता पाणी तोडलं तर महिनाभरात जातील. तुम्ही एक शब्द बोला."

"बघू, मावशी."

"बघू नका, बोला."

मी बोललो नाही. चोवीस दिवस मी येता-जाता रस्त्याची दुसरी बाजू धरली.

पंचविसाव्या दिवशी, भर गर्दीत, मावशी छाटणीचा चाकू घेऊन आल्या आणि थेट त्या झाडापाशी गेल्या.

"कापडाला हात लावशील तर भस्म होशील!" बाबा गरजले.

"होईन की. झाडाला तेवढंच खत."

त्यांनी कापड कापलं. खाली दोन बोटं रुंदीची साल खोडाभोवती गोल सोलून काढलेली होती. आतलं लाकूड उघडं पडलं होतं.

"किड्यांनी खाल्लंय ते!" बाबा म्हणाले.

"किडा काय पट्टी लावून खातो?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. मावशी गर्दीकडे वळल्या. "पानं साखर तयार करतात. ती सालीतून मुळांकडे उतरते. साल काढली की वरच अडकते, मग झाड फुलतं. फळबागांत हट्टी झाडाला फुलवायला अशी बारीक रेघ मारतात, पण पाणी भरपूर देऊन. इथे मुळं उपाशी मारली, वरून दुष्काळ. लाकडातून थोडं पाणी वर चढत राहतं, म्हणून जवळजवळ तीन महिने कुणाला कळलं नाही. ही फुलं म्हणजे त्याचं मरण आहे."

गडबडीत बाबा कधी सटकले ते कळलंच नाही. पण गर्दी गेली नव्हती. पुढच्या रांगेतली एक बाई माझ्याकडे वळली. "सर, तुम्हाला माहीत नव्हतं?"

नाही म्हणणं सोपं होतं.

"साल सोललीय हे माहीत नव्हतं," मी म्हणालो. "झाड मरतंय हे माहीत होतं. तरी मी खोटं बोललो."

बाईने तोंड फिरवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मावशी रांगेतल्या पुढच्या झाडाकडे गेल्या आणि फांदी खरवडली. तपकिरी. त्याच्या पुढचं, तपकिरी. मी त्यांच्या मागे मागे चालत होतो. एकोणीसपैकी सात हिरवी निघाली.

"टँकर बोलवा, सर," एवढंच त्या म्हणाल्या. सातही पाइपांत मी स्वतः नळी धरून पाणी सोडलं.

ती सात झाडं आज उभी आहेत. "सरांनी सांगितलं म्हणून" असं उत्तर कुणी लिहिलं की मी गुण देत नाही. मुलांना फांदी खरवडायला लावतो, आणि मग ही गोष्ट सांगतो, माझ्या भागासकट.

तुम्हालाही तेवढंच सांगायचं आहे. कुठे चमत्कार दिसला आणि त्याभोवती कापड गुंडाळलेलं असलं, तर ते काढून बघा. ते बाबाने बांधलेलं असेल, नाहीतर माझ्यासारख्या मास्तराने. मला नखभर सालीखाली खरं दिसलं होतं. ते त्याच दिवशी सांगितलं असतं, तर मेलेल्या बारांपैकी कितीतरी झाडं आज सावली देत असती.