चिपकी

दिवारीच्या सनाले माह्या हातून दुधाची गंजी पडली, तवापासून सून नीतू मले चुलीजवर येऊ देत नाही. "माय, तुमचे हात थरथरते, बसा तिकडं." बसा म्हने. मी का पाहुनी आहो?

म्हनून गोंदियाच्या कॉलेजातले प्रफुल सर दारात आले, अन् नाल्यातली ती बोटाएवढी, पट्ट्यापट्ट्याची मासोरी पायजे म्हनले, तं मी चट उठली. "जाल में आती ही नहीं, अम्माजी," ते म्हनले. येईन कशी? ती धारेतल्या गोट्याखाली चिपकून राह्यते. आमी पोरी तिले चिपकीच म्हनो. खायाले तिच्यात काई नाही. हातानं धरायची, अन् धरली का त्याच गोट्याखाली परत सोडायची, ही आमची शर्यत. त्यात मले हरवनारी गावात नव्हती. म्हनलं, आता नीतूले दाखवतो माहे हात.

नीतू मांगं मांगं आलीच, माय कवा पडते ते पाहाले.

नागझिऱ्याकडून येनारा नाला तो, पानी गुडघाभर पन पाय उचलून नेते. मी वाकली. एक हात गोट्याच्या, धार येते त्या अंगाले धरला, दुसऱ्यानं खालून हलकंच पानी हलवलं. भेली का ती धारेच्या उलटीच पयते. हात थरथरून राहिला होता, पन पान्यात कोनाले दिसते? अन् आली. मुठीत मिशा फिरवल्या तिनं. मले लय हरिक झाला.

हात पान्यातच ठेवून मी इचारलं, "सर, सापडली तं तिले ठेवाल कशात?"

त्यांनी बाटली दाखवली. "दवाई है इसमें. बरसों खराब नहीं होगी."

"जित्ती राहीन का?"

सर हासले नाही. मानूस खरा. "नहीं अम्माजी. पर सबको पता चलेगा, ये यहाँ रहती है."

काम त्यांचं वाईट नव्हतं. अन् मी काई साधू नाही, जिंदगीभर मासोरी कापली, खाल्ली. पन चिपकी आमी कवाच घरी नेली नाही. मूठ वर काढली असती तं नीतूनं आपल्या डोऱ्यानं पाह्यलं असतं. तेवढंच तं मले पायजे होतं.

मी तिले त्याच गोट्याखाली सोडली.

"नाही सापडत," मी म्हनली.

नीतूनं मले बाहेर काढलं, पदरानं माहे हात पुसले. "सांगत होती ना माय, गेले तुमचे हात," ती म्हनली, पन मायेनं म्हनली. मी हात तिच्या हातात राहू देले, अन् थरथरू देले.