भिंतीपाशी ठेवलेला रांजण

त्या वर्षी जॉन्जू शहराच्या जुन्या गल्लीतली अर्धी घरं फ्लॅटमध्ये राहायला गेली. फ्लॅटमध्ये रांजणाला जागा कुठली? चांगले घडीव रांजण लोक कोपऱ्यावरच्या भिंतीपाशी सोडून जात आणि ज्याला हवा त्याने उचलून न्यावा. माल्सुनबाईंनी तसाच एक उचलला. तो मात्र टाकलेला नव्हता. शेजारच्या जिनोच्या आईने धुऊन त्याच भिंतीपाशी उन्हात ठेवला होता. तिच्या सासूचा रांजण तो. बरेच दिवस शोधून अखेर तो माल्सुनबाईंच्या अंगणात दिसल्यावर तिने सरळ पोलिसांत चोरीची तक्रार दिली.

कुणापुढे माफी मागू नकोस, असं लेकीने, यंजूने, आईला नीट बजावलं होतं. तरी आई नाशपातींची पेटी घेऊन जिनोच्या आईच्या दारात गेली आणि कमरेत वाकून, माझ्या हातून पाप झालं, असं म्हणून आलीच. त्या पेटीचीही कबुली म्हणून पोलिसांत नोंद झाली.

मोफत सल्ला देणाऱ्या मिन वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. त्यांनी समजावलं, नुसतं उचललं म्हणजे चोरी होत नाही. दुसऱ्याचं आहे हे ठाऊक असून आपलं करायला उचललं तर होते. ठाऊक नव्हतं हे दाखवणारं काही आहे का? शेवटी यंजूच वैतागून म्हणाली, आहे ना. आईने त्याच रांजणात सोयाबीनची आंबवलेली चटणी, दोएन्जांग, मुरवली, पहिली वाटी जिनोच्याच आईला दिली आणि कशी जमलीय बघायला तिला अंगणात बोलावलं. तिथेच तिने रांजण ओळखला.

वकीलबाई खूश. आई मात्र म्हणाली, "ते नाही सांगायचं. शेजाऱ्याला दिलेलं खाणं कुणी चारचौघांत काढतं का?"

"चोर म्हणवून घेशील, पण वाटी दिली म्हणणार नाहीस?"

"चोर आहे असं लोक म्हणतील. वाटीचं मला माझ्या तोंडाने म्हणावं लागेल."

चौकीत जिनोच्या आईलाही बोलावलं होतं. फौजदाराने पहिला प्रश्न विचारायच्या आत आईने टेबलापुढे वाकून "चुकलं माझं" म्हटलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. यंजूला राहवलं नाही. तिने वाटीचं सगळं सांगून टाकलं. फौजदाराने जिनोच्या आईकडे पाहिलं.

तिने पर्सचा बंद चाळवला. "दिली होती," ती म्हणाली. "छान झाली होती."

फौजदाराने पेन खाली ठेवलं. चोर कधी मालकिणीला आपणहून माल बघायला बोलावतो का, म्हणाला. चोरीचा इरादा दिसत नाही असं वर कळवतो, तुम्ही रांजण परत करा.

घरी येऊन आई बादल्यांमध्ये दोएन्जांग उपसायला बसली.

"सुटलीस ना? मग आता काय झालं?" यंजूने विचारलं.

"आता तिला वाटी पाठवली तर साक्षीची मजुरी वाटेल. नाही पाठवली तर राग धरला म्हणेल. सांग, काय करू?"

यंजूने कपाळावर हात मारला आणि ती दुसरी बादली आणायला गेली.