नेम माझ्यामुळे चुकला नाही

मित्रांनो, मी काडतुसे भरण्याचे एक जुने दाबयंत्र आहे. मोंटानातल्या एका गॅरेजात, चार बोल्टांनी बाकाला घट्ट बसलेले. माझा शेवटचा साधासुधा दिवस शुक्रवार होता. माझे मालक हॅल्व्हर कॉफीचा थर्मास घेऊन आले आणि वापरलेल्या पितळी पुंगळ्यांना बोटाने तेल चोळू लागले. बार उडाला की पुंगळी फुगते. माझ्या साच्यात दाबून तिला पुन्हा मापात आणावे लागते. हॅल्व्हर माझा दांडा पूर्ण खाली ओढून क्षणभर तसाच धरत, कारण पितळ आडमुठे. घाई केली की पुन्हा अंग फुगवते. गोळीसुद्धा ते आधी अर्धीच बसवत, पुंगळीला अर्धा वळसा देत आणि मग उरलेली दाबत. त्यांची पन्नासच्या पन्नास काडतुसे एका मापाची निघत.

शनिवारी सकाळी ते उठलेच नाहीत.

दफनानंतर, हॅमचे सँडविच खाऊन झाल्यावर, त्यांचा धाकटा भाऊ अर्नी पाना घेऊन माझ्यापाशी आला. मागोमाग हॅल्व्हरची मुलगी मार्लिस.

"पोरी, हे भंगारात टाक," तो म्हणाला. "गेल्या हंगामात दादाचा एल्क याच्यापायीच हुकला. सांधे ढिले झालेत याचे."

साफ खोटे. तीनशे पावलांवरचा तो एल्क, घोड्याएवढे हरीण, निसटला, त्यावरून शिकारीच्या सोबत्यांनी हिवाळाभर हॅल्व्हरची थट्टा केली: चष्मा बदल, नाहीतर मासे धरायला बस. ते ऐकून घेत. पण त्याच संध्याकाळी त्यांनी पेटीत उरलेली काडतुसे माझ्यासमोर मोजली होती. एकातली गोळी वर राहिलेली, दुसऱ्यातली तिरकी. कोणाचा घाईचा हात फिरला ते त्यांनी ओळखले, सगळी उकलून टाकली आणि अवाक्षर काढले नाही.

मला गंज चालेल, खोटा आळ चालणार नाही. मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल द्यायला विसरलात तर एकवेळ सोसेन, पण आपली चूक तिच्या माथी मारू नका.

मार्लिसने त्याच्या हातून पाना काढून घेतला. वडिलांसारखेच थांबत थांबत तिने बिनदारूची पाच काडतुसे तयार केली आणि मोजायला कॅलिपर अर्नीच्या हाती दिला. त्याने दोनदा मोजली. केसाचाही फरक नव्हता.

"मग दादाचाच हात थकला होता म्हणायचा," तो हळू आवाजात म्हणाला.

मार्लिसने माझा दांडा हळूच वर केला.

"नाही, काका. त्या दिवशीची काडतुसं मी भरली होती. मला घरी जायची घाई होती. आणि बाबांना सगळे हसले ना, तेव्हा मीसुद्धा हसले."