कानाची परवानगी

निर्मात्याचा आपल्या निर्मितीवरचा हक्क त्याच्या श्वासाइतका स्वाभाविक असतो; तो कुणी द्यावा लागत नाही, कुणाकडे मागावा लागत नाही, कागदाला पेन्सिल टेकली की आपोआप जन्माला येतो. निवृत्त जीवशास्त्र शिक्षकांना हे तोंडपाठ होतं आणि मनापासून पटतही होतं. अडचण एवढीच होती की हक्क जन्माला येऊन बराच काळ लोटला तरी त्याला बघायला कुणी आलं नव्हतं.

त्यांना सगळे सर म्हणत. म्हणजे पूर्वी सगळे म्हणत. आता पाण्याचं मीटर बघणारा माणूस म्हणायचा, तोही दारातूनच. बायको गेल्यावर जेवणाच्या टेबलाची तिची बाजू अंगावर यायला लागली, म्हणून सरांनी तिथे ड्रॉइंग बोर्ड मांडला आणि हृदय, मूत्रपिंड, डोळा असं शरीर नव्याने काढायला घेतलं. शाळेत काढलेल्या आकृत्या पगारावर काढलेल्या, तेव्हा त्या शाळेच्या. त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता सर नव्या काढत होते, कारण स्वतःचीच नक्कल केली असं उद्या कुणी म्हणायला नको. तसं म्हणायला कुणी घरी आलंच असतं, तर त्याला चहा पाजायची सरांची तयारी होती.

मुलगी दुसऱ्या शहरात. तिने एका सुट्टीत येऊन ही चित्रं इंटरनेटवर चढवून दिली. प्रत्येक चित्राखाली सरांनी स्वतः मजकूर सांगितला: सर्व हक्क राखीव, वापरापूर्वी परवानगी घ्यावी, फोन सकाळी किंवा संध्याकाळी करावा. पुढे काही आठवड्यांनी त्यांनी मुलीकडून त्यात 'दुपारीही चालेल' अशी भर घालून घेतली.

मुलीचा रविवारी फोन असायचा. एका रविवारी तिने नवीनच विषय काढला. मोकळा परवाना नावाची एक सोय असते, तो लावून टाकायचा, मग ज्याला हवं त्याने सरांचं नाव देऊन चित्र खुशाल वापरावं.

"जगभर पोचतील बाबा तुमची चित्रं."

"आणि विचारायचं कुणी?"

"कुणालाच विचारायला लागणार नाही. तीच तर गंमत आहे."

सरांना त्यात गंमत दिसेना. ते 'बघू' म्हणाले. 'बघू'चा अर्थ मुलगी फ्रॉक घालायची तेव्हापासून ओळखून होती. तिने विषय बदलून औषधं वेळेवर घेता का, असं विचारलं.

आणि मग एका संध्याकाळी खरोखरच फोन वाजला. एका लहानशा शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईंचा. त्यांना सरांचा कान वर्गात पडद्यावर दाखवायचा होता. चालेल का?

सर खुर्चीत सरळ बसले. कितवीचा वर्ग, मुलं किती, पडद्यावर ऊन येतं का, मागच्या बाकावरून नावं वाचता येतील का, अशी त्यांनी बाईंची सविस्तर उलटतपासणी घेतली. बाईही चिकाटीच्या निघाल्या. त्यांनी एकेक उत्तर दिलं. त्यावर खूश होऊन सरांनी त्यांना कायदा समजावला. कान कुणाच्याच मालकीचा नसतो. हातोडी, ऐरण, रिकीब ही तीन हाडं सगळ्यांची, त्यांची माहितीही सगळ्यांची. माझी आहे ती फक्त रेघ. एवढं होईपर्यंत गॅसवरची भाजी करपून काळी झाली. तिच्याकडे बघत सरांनी परवानगी दिली, पण चालू सत्रापुरतीच. पुढच्या सत्रात पुन्हा मागावी लागेल.

वर्गात शिकवताना चित्र दाखवायला परवानगी लागतच नाही, अशी सवलत कायद्यात आहे. ती सरांना बाकीच्या कायद्याइतकीच पाठ होती. त्यांनी ती सांगितली नाही. बाईंनी विचारलीही नव्हती.

त्यांचा नंबर सरांनी 'कान' या नावाने साठवला. सत्र उघडलं की 'कान' वाजायचा. परवानगीचं काम चुटकीसरशी व्हायचं आणि मग गाडी इकडेतिकडे वळायची. प्रयोगशाळेचा नळ गळतो, मोठ्या बाई म्हणतात की वाहतं पाणी हाही विज्ञानाचाच भाग आहे. नववीचा वर्ग ऐकतच नाही. तुम्ही काय करायचा सर, वर्ग ऐकत नसेल तेव्हा? सर सांगायचे, मी गप्प बसायचो, थोड्या वेळाने त्यांनाच कसंतरी व्हायचं. सत्र उघडायच्या सुमारास सर रोज दाढी करून बसत, फोनवर दिसत नाही हे माहीत असून. कानाशेजारचं काही लागलं तर हाताशी असावं, म्हणून त्यांनी नाक आणि घसाही काढून ठेवला.

यंदा सत्र उघडलं आणि 'कान' वाजला नाही. सरांनी फोन चार्जिंगला लावला, काढला, आवाज मोठा आहे ना ते पाहिलं. मुलीला मुद्दाम फोन करायला लावून खात्री केली. मुलीचा फोन नीट वाजला, त्यामुळे उलट जास्तच वाईट वाटलं.

महिना उलटत आला तेव्हा बाईंचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच होता. म्हणाल्या, आमच्याकडे शिक्षकांसाठी कॉपीराइटचं प्रशिक्षण झालं, दिवसभर. चहा बरा होता.

"सर, वर्गात दाखवायला परवानगी लागतच नाही म्हणे. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला नाहीत कधी."

"तुम्ही विचारलं नाहीत."

बाई थोडं हसल्या. रागावल्या असत्या तर सरांना बोलायला काहीतरी मिळालं असतं. बाईंनी पुढचंही सांगून टाकलं. शाळा एक पुस्तिका छापते आहे आणि ती विकणार आहे. विकायची म्हटल्यावर मात्र परवानगी लागतेच, असं प्रशिक्षणात सांगितलं. तेव्हा त्यांनी सुट्टीत बसून स्वतःच एक कान काढला.

"मागितली असती तर दिली असती मी," सर म्हणाले.

"माहीत आहे सर. पण सत्रापुरती दिली असती."

सरांनी आवाज शक्य तितका कोरडा ठेवून सांगितलं की चित्र पाठवा, तपासावं लागेल. बाईंनी फोन ठेवायच्या आत पाठवलं.

सर ते आणि आपलं चित्र घेऊन फोटोकॉपीच्या दुकानात गेले आणि बाईंचा कान आपल्या चित्रातल्या कानाच्या मापाइतका मोठा करून घेतला. दुकानदाराने दोन्ही कागद उलटसुलट बघून विचारलं, "यातलं ओरिजिनल कुठलं, काका?" सर म्हणाले, तेच बघायचंय.

घरी येऊन त्यांनी आपला कान ट्रेसिंग पेपरवर उतरवला आणि खिडकीच्या काचेवर बाईंच्या कानावर धरला. जुळला असता तर नोटीस देता आली असती. नोटिशीला उत्तर द्यावं लागतं. उत्तरावर खुलासा मागता येतो, खुलाशासाठी भेटावं लागतं, आणि मन लावून चालवलं तर असं प्रकरण दोन-तीन वर्षं सहज चालतं. सरांनी कर्णपाळीपासून सुरुवात केली आणि आतल्या वळणांपर्यंत रेघ न् रेघ लावून पाहिली. मग कागद उलटा धरून पाहिला, कारण चित्र आरशातल्यासारखं फिरवून काढणारेही असतात. हात भरून आले.

एकही रेघ जुळत नव्हती. बाईंची रेघ जरा जाड होती, थोडी घाईची, पण कर्णपटलाचा कल त्यांनी सरांपेक्षा बरा साधला होता.

ट्रेसिंग पेपर घडी करून सर टेबलाशी बसले. ड्रॉइंग बोर्ड बाजूला सरकवून त्यांनी बाईंना सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं की आपलं चित्र तपासलं, ते स्वतंत्र आहे, माझी कसलीही हरकत नाही. खाली सही केली आणि सहीखाली फोन नंबर लिहिला.

असं पत्र कायद्याने कुठेच लागत नाही.