तोंड डावीकडे

टोक वर. तोंड आपल्याकडे.

शंख असाच धरायचा. हात आपोआप धरतात.

तोंड उजवीकडे.

तिने शंख ठेवला, पुन्हा उचलला. उजवीकडेच.

संग्रहालयाच्या या कुपीतले शंख म्हणजे जातीचे मूळ नमुने. यांच्यावरूनच या गोगलगायीला नाव मिळालं. गोड्या पाण्यातली, निरुपद्रवी. पुस्तकातल्या चित्रात मात्र तोंड डावीकडे. सगळे चित्रच बघत आले, कुपी कोणी उघडली नाही. गावच्या तळ्यातले शंखही तपासणीत डाव्या तोंडाचे निघाले, चित्राशी जुळले, आणि तळं पोहायला खुलं झालं.

चित्र ठशावरून छापलेलं.

ठसा उलटा उमटतो, उजवं ते डावं होतं.

मग तळ्यात कोण आहे?

डाव्या तोंडाची आता एकच जात उरते. शेजारच्या खणातली. तिच्यातून सुटणारे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात उभ्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. आधी खाज. मग बराच काळ काहीच नाही. मग लघवीतून रक्त.

धाकट्या बहिणीने फोन उचलला.

"बोल ताई. गोगलगायी पळून गेल्या वाटतं, दुपारची मोकळी ती?"

"चिमणी कुठंय?"

"तळ्यावर. अजून कुठे असणार तुझी भाची? नुसती मासोळी झालीय."

"तिला खाज वगैरे..."

"हो गं, पायाला पुरळ आलंय. नवा साबण बाधला असेल. का?"

"मी जवळ आहे. मीच जाते, मी..."

फोन टेबलावर तसाच बोलत राहिला.

पायऱ्यांवर चपलाच चपला. भाची कमरेइतक्या पाण्यात.

"बाहेर ये."

"थोडाच वेळ, मावशी."

"आत्ता."

असा आवाज तिचा तिनेही कधी ऐकला नव्हता. भाची आली. एका पायाने दुसरा पाय खाजवत उभी राहिली, मूठ पुढे केली.

"रागावू नकोस ना. तुझ्यासाठीच आणलाय."

टोक वर. तोंड आपल्याकडे. मावशीने शिकवलं होतं तस्सं.

"तोंड डावीकडे," भाची म्हणाली. "म्हणजे हा चांगला. हो ना?"

तिने शंख काढून घेतला. भाचीचा तळवा आपल्या ओढणीने पुसला, मग पाय पुसले, मग पुन्हा तळवा.

"सगळे बाहेर या," ती पाण्याकडे बघून म्हणाली.

जवळची पोरं हसत हसत निघाली. पलीकडे, खोल पाण्यात, अजून डोकी दिसत होती. तिथवर आवाज पोचत नव्हता.

तिने चपला काढल्या.